बाजूचा उजेड

बंगळूर

आई, जयभीम.

मी बरी हाय, जेवण बराबर होतं.

इथं मशीन चिनीमातीचे भाग कागदाहून पातळ थरावर थर टाकून घडवते. एका थरावर ओरखडा राहिला, तर पुढं भट्टीत अख्खा भाग तडकतो. वरच्या उजेडात थर तपासणाऱ्या कॅमेऱ्याला ओरखडा दिसतच नव्हता. तू भिंत लिंपली की बॅटरी भिंतीला टेकवून चिरा बघायचीस ना, तसा मी दिवा बाजूनं लावला. ओरखडा लगेच दिसला! साहेब खूश झाले.

फोनवर तू दरवेळी म्हणतीस, डोळ्याला काई तकलीफ न्हाई. म्हणून हे पत्र मुद्दाम बारीक अक्षरात लिहिलंय. तूच वाच.

तुझी लेक,
सुकेशनी

ता.क. भीमराजदादा, हे तूच वाचून दाखवून राहिला असशील, तर आईला उद्याच हिंगोलीला डोळ्याच्या दवाखान्यात ने.