चारचा तास

१० मे, शनिवार. सकाळी ११.१०, लाँचवर
डोकं फिरलंय. लाँच सुटून तास झाला नाही तोच बायकोने विषय काढला. म्हणे बेटावरची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, घड्याळ लावून घ्या. सगळ्या लाँचसमोर ऐकवावं लागलं. बावीस वर्षं मी शाळेचा पर्यवेक्षक आहे. बाराशे मुलांची घंटा या माझ्या मनगटावरच्या घड्याळावर वाजते. बशीएवढ्या बेटासाठी मी काटे हलवणार नाही. परत लावताना एका मिनिटाचा फरक पडला तर जबाबदार कोण? घड्याळाचा विषय पुन्हा काढायचा नाही, असं बजावलं. ती म्हणाली, बरं, नाही काढत. पटलं बहुतेक.
मुलगी तेव्हा लाँचच्या मागच्या टोकाला आजोबांची पाठ चोळत बसली होती. सासऱ्यांना लाँच लागते.

दुपारी २.००
गेस्ट हाउस बरं आहे. टाइमटेबल मुलीच्या आणि सासऱ्यांच्या खोलीत लावलं. मला गरज नाही, पाठ आहे. लॅमिनेट करूनच आणलं होतं. शेवटी शेऱ्याचा रकाना, शेजारी दोरीला मार्कर. सगळ्यांचे फोन बॅगेत, बॅगेला कुलूप.
मुख्य तास: दुपारी चार ते पाच. बाप-लेक संवाद. धक्क्याजवळचा बाक.
परत गेलो की तिसऱ्या दिवशी पोरगी वसतिगृहात जाणार, चार वर्षांसाठी. लांब. लहानपणी भिंगरी म्हणायचो, आता तसं म्हटलं की मान उडवते. गेलं वर्षभर आमचं बोलणं म्हणजे पंखा बंद कर आणि दार लाव. हा आठवडा शेवटचा. तिला द्यायच्या चौदा सूचना लिहून आणल्या आहेत, क्रमवार.

४.००
बाकावर हजर. मुलगी नाही. बाकावर पाच शिंपले ओळीने मांडलेले. कोणाचा तरी टारगटपणा. हाताने झाडून टाकले आणि बसलो. पाच वाजेपर्यंत वाट पाहिली. आजचा दिवस वाया.

११ मे, रविवार. सकाळी ५.३०
सूर्योदय दर्शन (सहकुटुंब). सूर्य आधीच हातभर वर. कुटुंब गायब.

८.००
नाश्ता संपला म्हणे. मॅनेजरला झापला. नाश्ता नऊपर्यंत, असं बोर्डवर लिहिलंय आणि आठला भांडी घासायला जातात? त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, तुमचं घड्याळ पुढे आहे. तो म्हणाला, हो साहेब. असली बिनकण्याची माणसं बघितली की तळपायाची आग मस्तकात जाते. दोन केळी खाल्ली.

४.००
मुलगी नाही. पुन्हा शिंपले, पुन्हा पाच. झाडले.
पोरीला बापाच्या शब्दाची काडीची किंमत नाही. सूचना क्र. ३ (वक्तशीरपणा) क्र. १ वर आणली.

१२ मे, सोमवार. १.००
जेवायला गेलो तर तिघं जेवून उठलेली. सासरे म्हणाले, जावईबापू, तुमच्यासाठी ताट झाकून ठेवलंय. गार भात. बायको काहीतरी बोलायला गेली, ते तुमचं घड्याळ, इतकंच बोलली. मी म्हटलं, विषय बंद. ती म्हणाली, राहिलं. आणि सासऱ्यांना हाताला धरून झोपायला घेऊन गेली. टाइमटेबलमध्ये एकला जेवण स्पष्ट लिहिलं आहे. माझ्या नाकावर टिच्चून आधी जेवतात.
संकल्प: रागवायचं नाही. मुलगी आली की शांतपणे विचारायचं.

४.००
आली नाही. बाकावर पाय आपटला. अंगठा सुजला.

६.००
सूर्यास्त दर्शन. काळोख. एकट्याने पाहिला.

१३ मे, मंगळवार
समुद्र निळा आहे, माडांची सावली आहे, आवाज नाही. या सगळ्याची चीड येते. शांत जागी माणसाला दुर्लक्ष झालेलं जास्त कळतं.
मुलीला धक्क्यावर गाठलं. विचारणार होतो की चारला कुठे असतेस. पण बापाने का विचारायचं? टाइमटेबल भिंतीवर आहे. म्हणून नुसतं म्हणालो, वेळ पाळणं काही लोकांच्या रक्तातच नसतं. ती म्हणाली, हो ना बाबा, मलाही तेच वाटतं. निघून गेली. तिला टोचलं. परिणाम उद्या दिसेल.

१४ मे, बुधवार. ४.००
परिणाम नाही. फक्त शिंपले. आज त्यातला एक मोठा होता, आतून गुलाबी. तोही भिरकावला.
चौदा सूचना जास्त होतात. सहा केल्या.

१५ मे, गुरुवार. ५.००
आजही मुलगी नाही, नुसते शिंपले. एक म्हातारा मासे साफ करत धक्क्यावर बसला होता. त्याला सूचना क्र. १ ते ४ वाचून दाखवल्या. नीट ऐकल्या. परक्याला कळतं.

१६ मे, शुक्रवार. ४.००
आज शिंपलेही नाहीत. का कोण जाणे, जास्त राग आला.
माझं काही चुकलं का, असा विचार मनात आला. तपासलं. नाही.
संकल्प: उद्या लाँचवर तिच्या शेजारी बसायचं. दोन तास ती कुठे जाणार? सूचना एकच ठेवली आहे. आठवड्यातून एकदा फोन कर. बाकी सगळं तिला येतं.

१७ मे, शनिवार. सकाळी ८.००
लाँच अकराला. भरपूर वेळ. बायको अंघोळीला गेली आहे. कोणाला न सांगता बेटाच्या दुसऱ्या टोकाला आलो. तिला काय बोलायचं ते मोठ्याने म्हणून बघतोय. भिंगरी म्हणावं का? म्हणावं.

९.२०
लाँचचा भोंगा. तब्बल एक तास चाळीस मिनिटं आधी. कसली ही पद्धत. शाळेत असं केलं असतं तर मेमो दिला असता.

९.३५
अजून भोंगा. लागोपाठ सहा वेळा. तक्रार करणार.

१०.४५
धक्क्यावर पंधरा मिनिटं आधी हजर. धक्का रिकामा.
मॅनेजर म्हणाला, साहेब, लाँच अकराला गेली. खरं तर अकरा वीसला, तुमच्यासाठी थांबवली होती. तुमची मुलगी किनाऱ्यावर हाका मारत फिरत होती. पुढची लाँच येत्या शनिवारी.
त्याच्यावर ओरडलो. तो हो साहेब म्हणाला.

११.३०
बायकोची चिठ्ठी. पोरीला परवा वसतिगृहात पोचायलाच हवं, मी आणि माझे बाबा सोडून येतो. तुमचं घड्याळ तुम्हाला लखलाभ. फोनची बॅगही त्यांच्याबरोबर गेली.
मुलीच्या आणि सासऱ्यांच्या खोलीत गेलो. टाइमटेबल भिंतीवर तसंच. शेऱ्याच्या रकान्यात मुलीचं अक्षर.
शनि.: चार ते पाच बसले. बाबा नाहीत. बाकावर शिंपले ठेवून आले, म्हणजे मी आले होते हे कळेल.
रवि.: बाबा नाहीत. कालचे शिंपले खाली पडले होते. नवे ठेवले.
सोम.: नाहीत.
मंगळ.: नाहीत. आणि मलाच बोलले.
बुध.: आज चांगला गुलाबी मिळाला. पाच वाजून दहापर्यंत थांबले.
गुरु.: नाहीत.
शुक्र.: हा तास बाबांनीच लावला होता. विसरले बहुतेक. आज काही ठेवलं नाही.

पुन्हा वाचलं. मग घड्याळ काढून काटे दीड तास पुढे केले. सहज फिरले. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

१८ मे, रविवार
आज ती बॅग भरत असेल. लाँच सहा दिवसांनी.
सकाळपासून गुलाबी शिंपला शोधला. वाळूत नाही, बाकामागच्या दगडांत नाही. मी तो जोरात फेकला होता.

४.००
बाकावर वेळेवर हजर. साधे पाच मिळाले, ते ओळीने मांडले. पाच वाजून दहापर्यंत बसलो.