लोवोच्या खड्ड्यातली माती

सुवा, ४ मे

ती. आईस,
मेरेसेइनीचा सा. न. वि. वि.

आत्यानं आपल्या घराच्या जागेतली म्हणून पाठवलेली माती आमच्या प्रयोगशाळेत तपासली. बातमी वाईट आहे गं. तिच्यात इतकं मीठ आहे, की घराच्या पायातल्या सळ्या गंजून फुगतील आणि काँक्रीट आतून फोडतील. एक घर वादळानं नेलं, दुसरं आपल्याच हातानं कुजवायचं का? नवं घर टेकडीवर बांधू. चिडू नकोस, आणि माया पातळ करू नकोस.

तुझी,
मेरे

नासोलो, १३ मे

चि. मेरे हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टेकडीवर तूच राहा जा! तुझे बाबा गेल्यापासून वादळापर्यंत मी आणि तुझी सेनिमिली आत्या समोरासमोर आपापल्या दारात बसून सकाळचा चहा प्यायचो, एकमेकींना नावं ठेवत. टेकडीवर मी काय भिंतींशी भांडू?

तिला सांगितलं तर हमसून हमसून रडली. मग मी विचारलं, बये, माती खणलीस तरी कुठून? तर म्हणते, जागेच्या कोपऱ्यातल्या लोवोच्या खड्ड्यातून, तिथं फावडं पटकन जातं! अगं, वर्षानुवर्षं आपण तिथं तापल्या दगडांवर डुक्कर नि डालोचे कंद भाजतो, वर समुद्रात भिजवलेली पोती झाकतो. माती खारट होईल नाही तर काय! आळशी कुठली. आता तू स्वतः ये.

तुझी,
आई

सुवा, ६ जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

मी तिकडे येऊन घराच्या जागेत चारही बाजूंनी खोल खणून आणलेल्या मातीत मीठ निघालं, पण बेताचं. सळ्यांवर काँक्रीटचा थर जाड ठेवायचा, मिश्रण घट्ट, वाळू नदीची. किनाऱ्यावरची एक पाटीही चालणार नाही, बांधकाम बघणाऱ्या मामांना बजाव. घर तिथंच होणार, आई! निकाल वाचून मी टेबलावर ताल धरला, साहेब बघत राहिले. आत्याला रागावू नकोस.

तुझी लाडकी,
मेरे

नासोलो, २० जुलै

चि. मेरे, उदंड आयुष्याची हो.

काल पाया ओतला. सगळा गाव राबला. सेनिमिली सळ्यांपाशी ठाण मांडून होती. कुणाचा पाय लागला की खेकसायची. मामा म्हणाले, इंजिनीअर सुव्यात आहे की इथं? मी मात्र इतकी हसले, की डोळ्यांत पाणी आलं.

आज पहाटेच उठून ती पायावर गोडं पाणी शिंपडायला गेली. आता तिथूनच ओरडतेय, की माझा दरवाजा तिच्या दाराच्या अगदी समोर येतोय, रोज उठून माझंच तोंड बघावं लागणार. पत्र इथंच थांबवते. तिला उत्तर द्यायला हवं.

तुझी,
आई