बस रिकामी आहे

३ मार्च, सोमवार

आजपासून शाळेच्या सगळ्या ड्रायव्हर मंडळींना ट्रेनिंग. आठवडाभर. सुरक्षा आणि प्रथमोपचार. नोटीस वाचून मी मोठ्याने हसलो. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवणार म्हणे! इतकी वर्षं मुलांची बस चालवतोय, कुणाचा साधा आरसा घासलेला नाही. पण गेलो. न येणाऱ्याला स्टिअरिंगला हात लावता येणार नाही, अशी खाली बारीक ओळ होती.

शिकवायला एक सिस्टरबाई आहेत. आवाज खणखणीत. आल्या आल्या विचारलं, तुम्हाला इथे का बोलावलंय, माहीत आहे ना? सगळे फरशीकडे बघायला लागले.

माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात वस्तादांच्या बसमध्ये एक मुलगा शेवटच्या सीटवर झोपून राहिला. वस्तादांनी बस यार्डात लावली, कुलूप घातलं आणि घरी गेले. मुलगा संध्याकाळी सापडला. उशीर झाला होता.

मला गिअर टाकायला शिकवणारा तो माणूस. आता घरीच असतात.

त्यांची बस धुतली, रंगवली, नंबर बदलला. तरी कुणी घेईना. मी घेतली. पत्र्याला काय आठवतंय, असं सगळ्यांदेखत म्हणालो. टाळ्या पडल्या नाहीत, पण पडायला हव्या होत्या.

४ मार्च, मंगळवार

छाती दाबायचं ट्रेनिंग. त्यासाठी रबराचा एक पुतळा आणलाय. कमरेपासून खाली काहीच नाही. तोंड उघडं, डोळे छताला. मी जीव तोडून दाबलं. सिस्टरबाई म्हणाल्या, काका, दाबायचंय, कणीक नाही मळायची. सगळे हसले. हसू देत. ताकद होती म्हणूनच त्या बोलल्या.

संकल्प : ट्रेनिंगमध्ये पहिला नंबर. पुढे आपणच ट्रेनर. 'मास्टर ट्रेनर' अशी पाटी शर्टावर शोभेल.

पुतळा मुलाच्या मापाचाही आहे. त्याच्यावर उद्या करेन म्हणालो. गुडघा दुखत होता.

५ मार्च, बुधवार

घशात काही अडकलं तर काय करायचं, फिट आली तर काय करायचं नाही, ते झालं. सगळं पाठ. लहान पुतळ्याची वेळ आली तेव्हा मी पाणी प्यायला गेलो होतो. योगायोग.

घरी सराव. सासरे जेवून आडवे झाले होते, श्वास दिसेना. नियमाप्रमाणे दोन्ही खांदे धरून, 'ऐकू येतंय का?' असं मोठ्याने विचारलं. ऐकू आलं. शेजारच्या चार घरांनाही आलं. सासरे मुलीला म्हणाले, याला घरात ठेवायचं की मला, ते ठरव. हिने विचार करायला वेळ मागितला.

७ मार्च, शुक्रवार

आज मुलांना घेऊन ड्रिल. मागचं संकटकाळचं दार उघडून मुलं बाहेर काढायची. सिस्टरबाईंनी प्रत्येक पोराला दांडा स्वतःच्या हाताने वर उचलायला लावला. पहिलीतली एक मुलगी आहे, तिला सगळे जांभई म्हणतात, कारण सकाळी बसमध्ये पाय टाकते ती जांभई देतच. तिची उंची पुरेना. दांड्याला लोंबकळली. दार उघडलं तसं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वेळेचा अपव्यय म्हणालो, मनात.

मग शेवटचा नियम. प्रत्येक फेरीनंतर ड्रायव्हरने चालत शेवटच्या सीटपर्यंत जायचं. सीटखाली वाकून बघायचं. आणि 'बस रिकामी आहे' ही पाटी आतून मागच्या काचेला लावून मगच उतरायचं. सिस्टरबाई म्हणाल्या, एवढं एकच लक्षात राहिलं आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

इतकी सोपी गोष्ट शिकवायला सरकारी आवाज कशाला लावायचा, कळत नाही.

१० मार्च, सोमवार

सर्टिफिकेट मिळालं. भिंतीवर लावलं. नंबर काढले नाहीत, पण काढले असते तर माझाच.

मागे जाण्याबद्दल : माझ्या बसचा आरसा मोठा आहे. आरशात शेवटची सीट स्वच्छ दिसते. जे दिसतं ते बघायला चालत जाणं म्हणजे डोळ्यांवर अविश्वास. शिवाय गुडघा. शिवाय बरोबर मावशी असतात. मुलांना चढवणं-उतरवणं त्यांच्याकडे, त्या सीटा झाडताना मागे जातातच.

आरशात शेवटच्या सीटचा फोम जरा दबलेला दिसतो. नवा फोम आहे. असतो एखादा पीस तसा.

१२ मार्च, बुधवार

यार्डात बस बंद केली की मागून टकटक येते. हळू. नखाने काच वाजवावी तशी. फिटरला दाखवलं. त्याने बोल्ट तपासले. सगळे घट्ट आहेत म्हणाला. मग विचारलं, तू आत जाऊन बघितलंस का? म्हटलं, आत काय बघायचंय, पत्रा तापला की वाजतोच. शास्त्र आहे ते.

सकाळी थंडीतही वाजला. पत्रा थंड झाला की आकसतो. तेही शास्त्रच.

पाटीची मात्र युक्ती सापडली. बसच्या मागे बाहेरून टपावर चढायची लोखंडी शिडी आहे. पाटी तिलाच दोरीने बांधायची! यार्डातून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसल्याशी कारण. आत चढा, मागे जा, परत या, सगळं वाचलं. एकदा सिस्टरबाईंना सुचवायला हवं.

१६ मार्च, रविवार

वस्तादांकडे गेलो. मुद्दाम असं नाही, तिकडून चाललो होतो.

खुर्ची खिडकीपाशी ओढून बसलेले. बारीक झालेत. वहिनींनी चहा केला, वस्तादांच्या कपावर साय धरली तरी त्यांनी तो उचलला नाही. मी ट्रेनिंगच्या गमती सांगितल्या. पुतळ्याची सांगितली, सासऱ्यांची सांगितली. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात.

निघताना वस्तादांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "मागे जातोस ना रे?"

म्हटलं, "रोज. दोनदा."

त्यांनी मनगट सोडलं नाही. म्हणाले, "मी त्या दिवशी आरशात बघितलं होतं."

घरी येऊन हात धुतले. ठरवलं, उद्यापासून मागे जायचं. पक्कं.

१७ मार्च, सोमवार

गेलो. जवळजवळ गेलो. मधल्या सीटपर्यंत. तिथून बाकीचं दिसतंच. उन्हाने आत वास येतो, गरम रेक्झिनचा. दुसरा कसला नाही.

उतरताना दोन पायऱ्या चुकल्या. घाई होती.

१८ मार्च, मंगळवार

फक्त पाटी. शिडीला.

२० मार्च, गुरुवार

मावशींच्या मुलीचे दिवस भरले. उद्यापासून पंधरा दिवस सुट्टी. ट्रान्सपोर्टचे साहेब म्हणाले, बदली बाई देतो. मी म्हटलं, सर्टिफिकेटवाल्या माणसाला बाई कशाला? साहेब खूश झाले. त्यांना बाई मिळतच नव्हती.

मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, तुम्ही मागे जात नाही, मला ठाऊक आहे. इतके दिवस मी होते. आता जा हं. काही नाहीये तिथे. मी रोज बघते ना."

त्यांना वाटतं मी घाबरतो! बाईमाणूस, मनाने हळवी. सोडून दिलं.

२४ मार्च, सोमवार. दुपार, ड्रायव्हर-रूम

आज अर्धी शाळा. मुलं उतरवली, बस यार्डात लावली, कुलूप, पाटी. बाकीच्यांच्या फेऱ्या चालू आहेत, खोलीत एकटाच आहे. ऊन मरणाचं.

टकटक सुरू झाली आहे. इथपर्यंत येतेय. आज जरा जोरात. ऊन जास्त आहे, पत्रा जास्त वाजणार.

एकदा उठून खिडकीतून बघितलं. पाटी दिसते. बस रिकामी आहे. स्वतःच्या हाताने बांधलीय.

अजून चालू आहे. आता नखाने नाही, तळव्याने वाजवल्यासारखी. गेल्या उन्हाळ्यात त्यानेही अशीच वाजवली असेल का, हा विचार उगाच मनात येतो. ऐकायला कोणी नव्हतं. पंख्याचा स्पीड वाढवला. पंखाच आवाज करतो.

फिटर जेवून आला की त्याला घेऊन जाईन. घाबरून नाही. दोघांनी बघितलं की साक्षीदार राहतो.

थांबली.

बघा. पत्राच होता.

२४ मार्च, संध्याकाळ

हे लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

टकटक थांबल्यावर मी डोळे मिटून बसलो होतो. पंखा गरगरत होता. दारात कोणीतरी उभं आहे असं वाटलं. डोळे उघडले.

लहान मूल. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, एका पायात बूट, दुसरा पाय गुडघ्यापासून खरचटलेला. ओठ हलत होते. मला वाटलं, तो आला. वर्षभर आत होता, आज बाहेर आला.

"काका," ते मूल म्हणालं, "मी राहिले."

जांभई.

मी पडलो. चक्कर आली असं लोक म्हणतायत. चक्कर नव्हती. त्याच वेळी फिटर आला. त्याने मला ओलांडून तिला उचललं. सावलीत आडवं केलं, ओला फडका मानेला लावला, घोट घोट पाणी पाजलं, अॅम्ब्युलन्सला फोन केला. मला सगळ्या पायऱ्या येत होत्या. फरशीवर पडून एकेक आठवत होतो. त्याने एकही चुकवली नाही.

शेवटच्या सीटखाली रबर शोधता शोधता झोप लागली तिला. जाग आली तर बस बंद, माणूस नाही. काच वाजवली. खूप वाजवली. मग दांडा आठवला. लोंबकळली. दार उघडलं आणि खाली पडली.

दवाखान्यात एक रात्र ठेवणार आहेत. धोका नाही म्हणाले.

२५ मार्च, मंगळवार

साहेबांच्या खोलीत चौकशी. सिस्टरबाईही होत्या. शिडीला बांधलेली पाटी टेबलावर होती, दोरीसकट. तिच्याबद्दल कोणी काही विचारलं नाही, तेच वाईट.

मुलीची आई आली होती. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "ती सांगते, खूप वेळ वाजवत होते. तुम्ही समोरच्याच खोलीत होतात. तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

म्हटलं, "नाही."

साहेब म्हणाले, अजिबात नाही? म्हटलं, हल्ली कान जरा मंद झालेत. इंजिनच्या आवाजाने होतं. हे मला बोलता बोलताच सुचलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, मग यांची तरी काय चूक?

साहेबांनी कान तपासून यायला सांगितलं. तोवर घरी.

खोटं नाही तसं. ऐकणं आणि समजणं यात फरक आहे.

२८ मार्च, शुक्रवार

बातमी सगळीकडे झाली. आता सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. शेजारी जिन्यात ओरडतात, वाणी ओरडतो. सासरे त्या दिवशीचा सूड उगवल्यासारखे कानाशी येऊन 'ऐकू येतंय का?' म्हणतात.

ही ओरडते, पण तिच्या ओरडण्यात राग नाही. काल भावाला फोनवर सांगत होती, माझंच चुकलं, कधीपासून टीव्हीचा आवाज वाढवून बसायचे, मला कळायला हवं होतं. बिचाऱ्यांना ऐकूच आलं नाही हो. मी शेजारच्या खोलीत होतो. शब्दन् शब्द आला.

घरात मागच्या खोलीत टकटक नाही. तरी वाट बघत बसतो.

१ एप्रिल, मंगळवार

कानाचा दवाखाना. ठरवून गेलो होतो की अर्धेच आवाज ऐकायचे. सोपं आहे.

एका छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना जाड गाद्या, एक काच, दार बाहेरून बंद. कानांवर हेडफोन. काचेपलीकडची मुलगी म्हणाली, आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी. दार लागलं. हवा बंद. काचेपलीकडे ती, पण तिचं लक्ष खाली, यंत्राकडे.

पहिला आवाज आला. दाबलं. मुद्दाम नाही, हात गेला. दुसरा आला. दाबलं. मग आवाज बारीक होत गेले, अगदी लांबून आल्यासारखे. मी एकही सोडला नाही. सोडवेना. प्रत्येक वेळी वाटायचं, हा सोडला तर? अंगाला घाम फुटला. शेवटी काच वाजवली, दार उघडा म्हणून. मुलीने वर बघितलं नाही. पुन्हा वाजवली. मग बघितलं.

रिपोर्ट : दोन्ही कान उत्तम. डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान पाहिले नाहीत, अभिनंदन.

साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मला बसा म्हणाले नाहीत. किल्ली टेबलावर ठेवा, म्हणाले. ठेवली.

घरी आलो. ही स्वयंपाकघरातून गळा फाडून ओरडली, "काय म्हणाले डॉक्टर? मशीन बसवावं लागेल का?"

दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "ओरडू नकोस. मला ऐकू येतं."

ती हसली. तिला वाटलं, औषध दिलं असावं. म्हणाली, "बरं झालं बाई. कधीपासून?"

म्हटलं, "पहिल्यापासून."

तिने गॅस बंद केला. त्यानंतर बोलली नाही. मोठ्याने नाही, हळूही नाही.