मॅडमना ‘छोड़ो’ म्हणाले त्याची गोष्ट

१९ डिसें.
आजही हरलो. पिपलानीच्या टाउनशिपमधल्या आम्हा बायकांचा थ्रोबॉल म्हणजे नुसता शिष्टाचार. टीमच्या कॅप्टन सरीन मॅडम (यापुढे स.मॅ.), कारण त्यांचे साहेब सगळ्यांच्या नवऱ्यांचे साहेब. बॉल स.मॅ.च्या आसपास आला की आम्ही अदबीनं बाजूला. त्यांना वाटतं, दुसरी कुणी घेईल. बॉल मधोमध धप्प! ‘माझा’ म्हणायची कुणाची छाती नाही. चीड येते नुसती.

२१ डिसें.
दुपारी अंगणात मटार सोलता सोलता डोळा लागला. स्वप्नात बॉल खाली येईचना. निलगिरीच्या शेंड्यांवर तरंगत राहिला, उन्हात पांढरा पांढरा. मी हाका मारत होते, लग्नाआधीच्या आवाजात. नागपूरला खो-खोचं मैदान दणाणायचं तो आवाज. इथे आल्यापासून ‘हळू बोल, शेजारी ऐकतात’. जागी झाले तर मांडीवर मटार, आणि गळ्यात कसलीशी हुरहूर…

२४ डिसें.
क्लबच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “हारना ही है तो अगले साल टीम क्यों भेजें?” तो संध्याकाळचा तासभराचा खेळ सोडला तर माझं स्वतःचं असं आहे काय इथे?
यांना म्हटलं, परवा मॅचला ओरडू का?
“बाई गं, माझ्या प्रमोशनचा इंटरव्ह्यू सरीन साहेबच घेणारेत. तेवढं होईस्तोवर गप्प बस ना.”

२६ डिसें.
मॅच. धुक्यात पलीकडच्या बायका नुसत्या सावल्या. पहिला सेट गेला. दुसऱ्यात बॉल धुक्यातून आला, हळूहळू, माझ्या नि स.मॅ.च्या मधे. तोंडातून निघालंच, “मैडम, छोड़ो! मेरा!”
स.मॅ. दचकून बाजूला. झेलला, फेकला, पॉइंट! मग मी थांबते कुठली? “शोभा, मागे सरक! फरीदा, तेरा, तेरा!” नेहमी कुजबुजणारी शोभासुद्धा ‘मेरा’ म्हणून किंचाळली. सेट आमचा! तिसरा थोडक्यात गेला, पण बाप्पा, काय खेळलो!
स.मॅ. तडक गाडीत बसल्या. मी घरी यायच्या आधीच यांना बातमी. जेवताना मान वर नाही. भीती वाटतेय.

२८ डिसें.
दुपारी दारात स.मॅ. एकट्या. म्हणाल्या, “वह चिल्लाना… मुझे सिखाओगी? घर में तो साहब ही बोलते हैं।”
मैदानावर गेलो. ऊन सौम्य, चिटपाखरू नाही. स.मॅ.नी तोंड उघडलं, आवाजच येईना. पुन्हा. मग बारीकसं, “मेरा।” डोळे भरले होते त्यांचे.
तेवढ्यात रस्त्यावर हे, स्कूटर थांबवून बघत उभे. इंटरव्ह्यू सोमवारी. मला हातानं खूण करत होते, पुरे, पुरे.
मी म्हटलं, “पेट से, मैडम। और ज़ोर से।”