खेळ संपायच्या आधी कोरलेलं नाव

अप्पा,

माझा तुमच्यावर संशय आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आता तुमची उलटतपासणी घेऊन काय मिळणार, हे मलाही कळतं. पण या आठवड्यात ऑफिसात एक काम आलं आणि शोकेसमधला तो कप पुन्हा डोळ्यांत खुपायला लागला. आमची कंपनी अमेरिकेतल्या खेळांच्या वेबसाइटसाठी मजकूर तयार करते. मला विषय मिळाला तिकडच्या फुटबॉलचा. त्यांच्या अंतिम सामन्यात एकाला 'सर्वांत मोलाचा खेळाडू' म्हणून निवडतात, त्या बक्षिसाचा इतिहास. तुम्ही हसला असता. चेंडू हातात धरून पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात.

वाचत गेले तशी मला शंकाच जास्त यायला लागली. सुरुवातीला म्हणे एका मासिकाचे संपादकच ठरवायचे आणि गाडी बक्षीस द्यायचे. पुढे पत्रकारांची मतं आली, मग प्रेक्षकांचीही. तरी बक्षीस बहुतेक वेळा जातं ते चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याला. त्याच्यासाठी अंगावर धक्के झेलणाऱ्यांना कोण विचारतो? एकदाच, फक्त एकदाच, ते हरलेल्या संघातल्या खेळाडूला मिळालं. आणि मतं गोळा करतात ती सामना संपायच्या आधी. हे वाचून शेजारी बसणारा, पुण्याहून नुकताच म्हैसूरला आलेला सहकारी म्हणाला, "काहीतरीच काय, मॅडम! शेवटच्या मिनिटाला सगळं उलटंपालटं झालं तर?" माझ्या कानात केव्हाची टकटक सुरू झाली होती.

मी नववीत आहे. आपल्याच शाळेच्या मैदानावर खो-खोची फायनल चालू आहे आणि समोर एच. डी. कोटे गावच्या मुली आहेत, सगळ्या माझ्यापेक्षा हातभर उंच. तुम्ही शाळेचे खेळाचे मास्तर, त्यामुळे मांडवापासून सरबतापर्यंत सगळं तुमच्याकडे. पाहुण्यांना लवकर निघायचंय, म्हणून तुम्ही भांड्यांवर नावं घालणाऱ्याला थेट मांडवातच आणून बसवलंय. शेवटच्या पाळीत मी पळतेय. तुम्ही पलीकडच्या खांबाशी उभे आहात. मी तो खांब ओलांडून पुढे जाते आणि तुम्ही वळून मांडवाकडे चालायला लागता. उत्कृष्ट खेळाडूसाठी बाहेरगावच्या तीन मास्तरांच्या चिठ्ठ्या टोपीत गोळा करता, स्वतःच उघडता, स्वतःच वाचता. मग टकटक सुरू होते. मी अजून पळतेच आहे आणि तिकडे कपावर कुणाचं तरी नाव पडतंय.

आम्ही हरलो. मी मात्र शेवटपर्यंत बाद झाले नाही, आणि उत्कृष्ट खेळाडूचा कप मला मिळाला. हातात घेतला तेव्हा माझ्या नावाच्या खाचांमध्ये धातूचा बारीक कीस अडकलेला होता. माझ्याच संघातली एक मुलगी मागून बोलली, "अप्पांची टोपी, अप्पांचीच पोरगी."

संध्याकाळी स्वयंपाकघरात आईनं कपाला कुंकू लावलं. "नोडी, बघा, पोरीनं नाव काढलं, अल्वा?" असं तिनं तुम्हाला दोनदा म्हणून दाखवलं. तुम्ही रागी-मुद्द्याचा, नाचणीच्या उकडीचा गोळा सारात बुडवत होता. मान वर न करता मला म्हणालात, "पळताना मागं का बघितलंस गं? एष्टु सल, कितीदा सांगायचं तुला?" बस, तेवढंच. शाबासकी नाही, रागावणं म्हणावं तर तेही धड नाही. त्या वाक्याचा कीस मी किती वर्षं काढत बसले आहे! मास्तर म्हणून बोललात की आणखी काही होतं त्यात? पुढच्या वर्षी दहावीचं कारण सांगून मी खो-खो सोडला. तुम्ही नुसतं "सरी" म्हणून होकार दिलात. का सोडतेस, हे एकदाही विचारलं नाहीत, आणि माझा संशय तिथेच पक्का झाला. ज्याला आधीच माहीत असतं तोच विचारत नाही.

माझ्या मनात खटला असा तयार होता: बापानं लेकीला कप दिला. चिठ्ठ्यांवर काय होतं ते तुम्हालाच ठाऊक. आईलाही मी ते कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तुमची अब्रू मी झाकून ठेवते आहे.

या कामासाठी मी तिकडचे जुने सामने पाहिले. कुणाचं बोट कुणाला लागलं, पाय रेषेवर पडला की बाहेर, सगळं हळू करून चारचारदा दाखवतात. आपल्या मैदानावर कॅमेरा नव्हता. त्या खांबाशी फक्त तुम्ही होता. आज दुपारी मी बक्षिसाचा मजकूर पुरा करून पाठवला आणि हे पत्र लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच हात चालतोय.

अप्पा, त्या खांबाशीच कोट्याच्या मुलीचा तळवा माझ्या पाठीला लागला होता. अख्खा तळवा. ती ओरडलीसुद्धा, पण पंच दुसरीकडे बघत होता आणि मी पळत राहिले. मागं वळून बघितलं ते तिच्यासाठी नव्हतं. तुम्ही पाहिलंत का, ते बघायला वळले होते.