जुन्या कार्डाला नवा ड्रायव्हर

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुला लिहायला बसले ते कॉम्प्युटरच्या तक्रारीमुळे. तुला त्यातलं काही कळणार नाही, हे मला माहीत आहे. पण ज्यांना कळतं त्यांना सांगून झालं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर लोणावळ्याच्या घरात पुढच्या खोलीत मी एक जुना कॉम्प्युटर मांडला. त्यावर लिनक्स आहे, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेली, फुकट मिळणारी प्रणाली. मी ती वाचून वाचून शिकले. कार्ल्याच्या वरच्या वाडीतली एक मुलगी त्यावर यंत्रांच्या भागांचे आराखडे काढायला यायची. बाप भुशी धरणापाशी कणसं भाजतो, गर्दीच्या दिवशी तीही गाडीवर उभी राहते. बारावीनंतर शिक्षण थांबलं, पण तिचा आराखडा पाहिला की भाग हातात धरल्यासारखा वाटतो. मी फारसं कुणाचं कौतुक करत नाही, तू जाणतेसच. तळेगावच्या एका कारखान्यात आराखडे काढणाऱ्यांची भरती निघाली. दिलेल्या भागाचा आराखडा त्यांनी सांगितलेल्या नव्या प्रोग्राममध्ये काढून सोमवारपर्यंत पाठवायचा होता. तो प्रोग्राम आमच्या प्रणालीवर उघडेना, म्हणून मी सगळी प्रणालीच नवी करायला घेतली. आणि तिथे मी तुझी मुलगी ठरले.

आठवतं? मी कॉलेजातून सुटीला इंदुरीला, आपल्या घरी आलेय. तू चुलीपाशी बसली आहेस आणि मी नव्या तांदळाचं पोतं सोडून डब्यातल्या जुन्यावरच ओततेय. तू उलथनं घेऊन उठलीस. "आदी रिकामं कर, पूस, उनात ठेव, मंग भर! जुन्यातलं किडं नव्यात सोडतीस व्हय? लय शिकली म्हनं पुन्याला!" शेजारच्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "आगं, तितं तांदूळ भरायला न्हाई शिकवत." तुम्ही दोघी हसलात, मी नाही. डबा पुसला आणि पुढे आयुष्यभर पुसतच राहिले. कपाटं, वर्गातले फळे, आणि काही माणसंही.

तर प्रणाली नवी झाल्यावर, नवा ड्रायव्हर घालण्याआधी मी जुना समूळ काढला. प्रणाली आणि स्क्रीनवर चित्र उमटवणारं कार्ड यांच्यामधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. नुसता तोच काढला नाही, जुन्या प्रणालीचे उरलेसुरले भागही झाडून टाकले. अडचण आली तर मागे फिरता यावं म्हणून लोक ते ठेवतात, हे नंतर वाचलं. नवा ड्रायव्हर घातला, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि स्क्रीन काळी. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

मुलगी शेजारी उभी होती. म्हणाली, "बाई, हितंच थांबलं व्हय?" दुसऱ्या दिवशी आली आणि स्क्रीनकडे बघून म्हणाली, "कालच्यापरीस आज जास्तीच काळं दिसतंय की." मी तिला गप्प बसवलं. खरं तर हसू आलं होतं.

मग मी आज्ञा लिहीत गेले, यंत्र चुका दाखवत गेलं. कसंबसं साधं चित्र आणलं, पण त्यावर आराखड्याचा प्रोग्राम उघडताक्षणी मिटतो. हळूहळू कळलं की नव्या ड्रायव्हरनं आमच्या कार्डाच्या पिढीला केव्हाच वगळलंय, आणि त्या कार्डाला चालणारा जुना ड्रायव्हर नव्या प्रणालीत बसत नाही. प्रणाली जुनी करावी तर कारखान्याचा प्रोग्राम उघडत नाही. कुठूनही आत जायला वाट नाही. तळेगावात दोन ठिकाणी विचारलं, बाहेरच्या मुलीला कुणी आपल्या कॉम्प्युटरवर बसू देईना. शेवटी जगभरातले लोक असे प्रश्न मांडतात त्या इंटरनेटवरच्या ठिकाणी मी लिहिलं. कुणापुढे पदर पसरायची मला सवय नाही. तरी लिहिलं की एका मुलीचं काम अडलंय, कृपा करून सांगा. खाली उत्तर आलं नाही.

रविवारी मी तिला पुन्हा बोलावलं, तर ती उंबऱ्यातच थांबली. "बाई, ऱ्हाऊ द्या आता. तुमी लय केलंत. बा एकटाच हाय गाडीवर." मी म्हटलं, "अजून उद्याचा दिवस आहे." ती म्हणाली, "तुमच्याकडं हाय. मला उद्या कणसं सोलायचीत." ती उद्धटपणे बोलली नाही. बोलली असती तर मला रागावता तरी आलं असतं.

सोमवार गेला. काल त्या ठिकाणी माझ्या प्रश्नाखाली एक ओळ दिसली. घाईघाईनं चष्मा लावला. कुठल्याशा देशातल्या कुणीतरी लिहिलं होतं, "माझंही अगदी असंच झालंय. तुम्हाला उपाय सापडला का?"

आई, हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच तुला सांगते. मी त्याला मोबाइलवरून लिहिलं, "शोधते आहे." सोमवारपासून मी त्या यंत्राला हातही लावलेला नाही.