दोन्ही पडदे चालू झाले आहेत, मक्सातला बोलावू नकोस

जिपारा,

शेजारच्या मक्सातला आज बोलावू नकोस. तुझ्या कॉम्प्युटरचे दोन्ही पडदे मी चालू केले आहेत.

अपडेटमध्ये लिनक्सचा गाभा नवा आला आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुनाच राहिला, म्हणून दुसरा पडदा काळा पडत होता. मी तो ड्रायव्हर काढून नवा टाकला. मक्सात आठवडाभर हेच शोधत होता. तो मानाच्या जागी बसून जर्दाळूचा मुरांबा संपवायचा, आणि मी दाराशी बसून त्याला चहा ओतायचो. "आजोबा, तुम्ही हात लावू नका, अख्ख्या बिश्केक शहराची वीज जाईल," असं तो म्हणाला आणि तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. मी जन्मभर वर्तमानपत्रात विनोद लिहिले. छापण्याआधी ते तूच वाचायचीस आणि म्हणायचीस, "ठीक आहे, तो स्वल्पविराम बघ."

एक गोष्ट राहिली होती. माउस उजवीकडे नेला की बाण डावीकडच्या पडद्यावर निघायचा. ते सेटिंग कुठे बदलतात हे काही सापडलं नाही, तेव्हा मी दोन्ही पडदे उचलून त्यांच्या जागाच बदलल्या. आता सगळं बरोबर चालतं. तुझा मूळ मजकूर खिडकीकडे दिसेल आणि भाषांतर भिंतीकडे.

हे पाहून तुला हसू येईल. आलं तर खिडकीशी येऊन हस. मी खाली अंगणात बुद्धिबळाला बसलोय, आणि मक्सातची खिडकी आपल्या खिडकीला लागूनच आहे.

सागिन